आजेसासूबाईंच्या कार्डावर जे लिहिलेलं नाही ते

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लग्न होऊन लीड्सला आलीस, नवऱ्याच्या आजीचं व्हिक्टोरिया स्पंज केकचं रेसिपी कार्ड हाती लागलं, त्यावर एवढंच आहे, "४ अंडी. त्यांच्या वजनाइतकं बटर, साखर, फ्लार. मॉडरेट ओव्हन. जॅम." आणि खाली पेन्सिलीने "मागे डावीकडे लक्ष". तू तीनदा केलास. पहिला केक पाट्यासारखा झाला, दुसरा मस्त फुगला आणि मधोमध खचला, तिसऱ्याच्या तळाला ओलसर चिकट थर बसला. आणि आता कोल्हापूरला तुझ्या बहिणीलाही तोच करायचाय. कार्डात काहीतरी राहिलंय का, की आजींनी मुद्दाम लपवलं, असं विचारलंयस.

लपवलं वगैरे काही नाही गं. मी गेली सव्वीस वर्षं यॉर्कशायरमध्ये स्किप्टनजवळच्या एका गावात आहे, त्यातली चौदा वर्षं छोटी टीरूम चालवली, आणि हा केक मी माझ्या सासूबाईंकडून शिकले, त्यांच्याकडेही असंच चार ओळींचं कार्ड होतं. (नावाने हाक मार म्हणायच्या, माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही, मग मम वर तडजोड झाली.) तुझ्या आजेसासूबाईंचं कार्ड पूर्ण आहे. त्यात फक्त तापमान लिहिलेलं नाही, आणि ओव्हनचंच असं नाही, बटरचं नाही, अंड्यांचं नाही, स्वयंपाकघराचं नाही. कारण त्या काळात ते लिहायची गरजच पडायची नाही. १९५० च्या दशकात इथल्या बहुतेक घरांत फ्रीज नव्हता. घराच्या थंड बाजूला लार्डर म्हणून एक खोली असायची, दगडी फळीची, त्यात दूध-लोणी-अंडी ठेवायचे. म्हणजे अंडी, बटर, पीठ सगळं साधारण सारख्याच गारव्याला असायचं, आणि केक करायचा असला की सकाळीच बटर चुलीजवळ आणून ठेवायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की कार्डावर कोण लिहिणार? आपली आई फोडणी लिहिताना "तेल तापल्यावर" असं लिहिते का, तसंच.

आता तू अंडी फ्रीजमधून काढलीस, चार-पाच डिग्रीची, आणि छान फेटलेल्या बटरमध्ये फोडलीस. बटर जागच्या जागी गोठलं, अंड्यातलं पाणी सुटं झालं, आणि भांड्यात दही फुटल्यासारखं दाणेदार काहीतरी दिसायला लागलं. तुझ्या तिसऱ्या केकची कथा ही. तू लिहिलंयस की फुटल्यासारखं दिसत होतं पण पीठ घातल्यावर ठीक दिसलं म्हणून पुढे गेले. दिसतं ठीक, पण फेटून भरलेली हवा तोवर गेलेली असते, आणि तळाला तो ओला थर बसतो. एकदम टाकाऊ नाही होत केक, गरम कस्टर्ड घालून खपतो, आमच्याकडे बरेच खपलेत.

पण सुरुवातीपासून येते. आधी वजन. अंडी कवचासकट काट्यावर ठेवायची, चारही, आणि जो आकडा येईल तेवढं बटर, तेवढीच साखर, तेवढंच पीठ. या रेसिपीची सगळी अक्कल इथे आहे, कारण कोंबडीला तुझं कार्ड माहीत नसतं. जुन्या हिशोबात एक अंडं म्हणजे दोन औंस धरायचे, चारचे आठ, म्हणजे २२७ ग्रॅम, म्हणून हल्ली सगळीकडे २२५ लिहिलेलं दिसतं. पण इथलं लार्ज अंडं कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, चारचे सहज २६५ होतात. २२५ ला चार लार्ज अंडी घालूनही लोक केक करतात, होतो, नाही असं नाही. पण कार्डातला केक तो नाही, तो जरा जास्त अंडाळ आणि ओला होतो. कार्ड वजन सांगतंय तर वजनच करायचं.

मग फ्लार, म्हणजे पीठ, पण कुठलं? पहिल्यांदा तू साधं प्लेन घातलंस आणि पाटा झाला. इथे जरा इतिहास सांगते कारण तो तुझ्या कामाचा आहे. मिसेस बीटन यांचं गृहव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक १८६१ चं, त्यात व्हिक्टोरिया सँडविचेस आहेत, चार अंडी आणि त्यांच्या वजनाइतकी साखर, बटर, पीठ, अगदी तुझ्या कार्डासारखंच, वर चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर अजिबात नाही. म्हणजे सगळा फुगवटा फेटण्यावर. त्या तो यॉर्कशायर पुडिंगच्या पसरट टिनमध्ये भाजायला सांगतात, मध्ये जॅम, आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून एकमेकांवर आडव्या-उभ्या रचायच्या. आता वाढतात तसा उंच गोल केक तो नव्हे. खरं तर तेव्हा बेकिंग पावडर निघालेली होती, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बायकोला यीस्ट चालत नसे म्हणून बनवली (अंडीही चालत नसत, म्हणून त्याआधी अंड्याशिवायचं कस्टर्डही त्यांनीच काढलेलं), आणि ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ ला सेल्फ रेझिंग पिठाचं, म्हणजे फुगवणारी पावडर आधीच मिसळलेल्या पिठाचं, पेटंट घेतलं. पुढे ते पीठ घराघरात गेलं, आणि तुझ्या आजेसासूबाईंच्या काळात केकसाठी फ्लार म्हटलं की सेल्फ रेझिंगच. आमच्या ममच्या कार्डावरही नुसतं फ्लारच होतं आणि डब्यात कायम सेल्फ रेझिंग. तर तेच घे, आणि त्यात वेगळी बेकिंग पावडर घालू नकोस.

दुसऱ्यांदा तू नेमकं तेच केलंस, सेल्फ रेझिंग आणि वर दोन चमचे बेकिंग पावडर. ते दोन चमचे तू ज्या रेसिपीतून घेतलेस ती सगळं एकदम भांड्यात टाकून दोन मिनिटं फिरवायची पद्धत असणार. त्यात बटर-साखर वेगळी फेटत नाहीत, हवा कमी भरते, म्हणून जास्तीची पावडर लागते. तिथे ती बरोबर आहे. तू सात मिनिटं फेटलंसही आणि पावडरही घातलीस, म्हणजे दोन्हीकडून फुगवलंस. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही गं, फेटताना जे भरलेत तेच मोठे करते. फार मोठे झाले की त्यांच्या भिंती पातळ होतात, आणि अंडं-पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत फुटतात. मग खड्डा.

खड्ड्याला दुसरंही कारण होतं, कदाचित तेच मोठं. फॅन ओव्हन १८० ला लावलास आणि वरून रंग आला म्हणून अठराव्या मिनिटाला काढलास. कार्डावरचा मॉडरेट म्हणजे गॅस मार्क ४, म्हणजे १८० डिग्री, पण साध्या, पंखा नसलेल्या ओव्हनला. फॅन असेल तर १६०. वीस डिग्री जास्त म्हणजे बाहेरून झाला, आत कच्चा, आणि कच्चं आपल्याच वजनाने बसतं. मधे दार उघडलं होतंस का ते लिहिलं नाहीस, पण उघडलं असणार, सगळे उघडतात. पहिली वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही. काचेतून बघ हवं तर, दिवा असतो आत.

आता फेटणं. बटर रात्रीच बाहेर काढून ठेव, हिवाळ्यात हीटिंग बंद असलं तर सकाळी ओट्यावर रेडिएटरच्या जवळपास. अठरा-वीस डिग्रीला ते बरोबर येतं, थर्मामीटर नको, बोट दाबलं की खळगा पडावा पण बोट तेलकट चकचकीत होऊ नये. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करायला जाऊ नकोस, कडेला वितळतं आणि मधे दगड राहतो, आणि वितळलेल्या बटरमध्ये हवा राहतच नाही. साखर कॅस्टर, बारीक दाण्याची. दाण्यांच्या कडा बटरमध्ये घुसून बारीक बारीक हवेच्या जागा करतात, म्हणून पिठीसाखर घेऊन चालत नाही आणि जाड साखर विरघळत नाही. करंजीचा साटा करताना तूप कसं फेसतो, हाताला हलकं लागेपर्यंत, पिवळ्याचं पांढरं होईपर्यंत, अगदी तसंच. तुला ते येत असेल तर हा केक अर्धा आलाच म्हण. इलेक्ट्रिक बीटरने पाच ते सात मिनिटं, मधे दोनदा कडा खरवडून. मम लाकडी चमच्याने करायच्या, ते बाहेरून खाकी आतून पांढरं जड मातीचं भांडं असतं ना, ते मांडीत धरून रेडिओ ऐकत, पंधरा-वीस मिनिटं, आणि दंड बघितलेस तर पैलवानाचे.

अंडी फ्रीजमध्ये ठेवत असशील तर कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडव, कोमट म्हणजे बाळाला अंघोळ घालतो त्याहूनही कमी. मग एका वाटीत मोडून, फेटून, थोडं थोडं घाल, प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण मिसळलं की पुढचं. शेवटच्या अंड्याला फुटायला लागलं तर त्याच पिठातला एक चमचा टाकून फेट, सावरतं. फारच थंड वाटलं तर भांड्याचा तळ मिनिटभर गरम पाण्यात धर. तिसऱ्यांदा एवढं केलं असतंस तर केक वाचला असता.

पीठ चाळून, दोन भागात, आणि आता बीटर बाजूला. मोठा धातूचा चमचा घे, कडेने खाली आणि मधून वर, आकडा आठचा काढल्यासारखं, पांढरं पीठ दिसेनासं झालं की लगेच थांब. इथे फेटत राहिलीस तर पिठातलं ग्लुटेन जागं होतं आणि केक पावासारखा चिवट. चमच्यात मिश्रण घेऊन तिरका करायचा, क्षणभर थबकून टपकन पडायला हवं. चिकटून बसलं तर एक चमचा दूध. आपोआप ओघळलं तर काहीतरी जास्त झालंय, पण आता काही करू नकोस, भाजून टाक.

टिन आठ इंची, दोन, तळाला बटर पेपर, कडांना बटर. वजन करूनच दोन्हींत वाट, नाहीतर एक मजला बुटका होतो. मधल्या जाळीवर शेजारी शेजारी, एकमेकांना आणि ओव्हनच्या भिंतींना न चिकटता. वीस ते पंचवीस मिनिटं. झालाय का बघायला सुई घालतात, मीही घालते, पण ममची पद्धत वेगळी होती, टिन बाहेर काढून कान लावायच्या. कच्चा केक आतून बारीक तडतडतो, कुजबुजतो म्हण, पाणी अजून बाहेर पडत असतं त्याचा आवाज. जवळजवळ गप्प झाला की झाला. मला पहिली दोन वर्षं ही थट्टा वाटायची. बोटाने हलकं दाबलं की परत वर आला पाहिजे आणि कडा टिनपासून किंचित सुटलेल्या पाहिजेत, हे तीनही जुळले की बाहेर.

पाच मिनिटं टिनमध्येच, मग काढ. आणि काढताना जाळीवर थेट पालथा टाकू नकोस, आधी कापडावर, मग सुलटा करून जाळीवर, म्हणजे वरच्या बाजूला जाळीच्या रेघा उमटत नाहीत. हे मला गावच्या शोमध्ये कळलं. पहिल्यांदा केक मांडला, चवीला उत्तम होता हे मी अजून म्हणते, आणि जजबाईंनी चष्मा कपाळावर चढवून फक्त त्या रेघांकडे बघितलं. इथल्या विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या संस्थेच्या स्पर्धांतला शिरस्ता असा की मधे रास्पबेरी जॅम, क्रीम नाही, बटरक्रीम नाही, वर आयसिंग शुगर नव्हे, कॅस्टर शुगर भुरभुरलेली, आणि जाळीच्या खुणा नकोत. ही संस्था मुळात कॅनडात १८९७ ला सुरू झाली, ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ ला वेल्समध्ये, अँगलसी बेटावर, पण केकच्या बाबतीत यांच्याइतकं कडक कोणी नाही. घरी क्रीम घालायचं तर घाल, मीही पाहुण्यांना घालते, फक्त त्याच दिवशी संपव. नुसत्या जॅमचा केक डब्यात दोन-तीन दिवस मस्त राहतो. फ्रीजमध्ये मात्र नको, बटर कडक होतं आणि पिठातला स्टार्च शिळा पडतो, दुसऱ्या दिवशी रस्क.

नावाचा घोळही तू विचारलायस. खरा स्पंज म्हणजे बटर नसलेला, नुसती अंडी-साखर फेटून पीठ घातलेला, स्विस रोलचा असतो तो. बटरवाला तो काटेकोरपणे व्हिक्टोरिया सँडविच. पण इथे कोणी इतकं धरत नाही, माझ्या टीरूमच्या पाटीवर स्पंजच लिहिलेलं होतं आणि एकाच म्हाताऱ्या आजोबांनी चौदा वर्षांत तक्रार केली, दर महिन्याला.

बटर की मार्जरिन? युद्धानंतरही इथे रेशन चालू होतं, ते पूर्ण उठलं ४ जुलै १९५४ ला, त्यामुळे त्या पिढीच्या बायका मार्जरिनवरच केक शिकल्या आणि कित्येकींना तीच चव खरी वाटते. मार्जरिनने केक उंच आणि हलका होतो, बटरने चव येते. मम अर्धं-अर्धं घ्यायच्या. मी बटरच. कार्डावर बटर लिहिलंय, म्हणजे आजींच्या घरी तरी लिहितेवेळी चांगले दिवस आले असणार.

आता कोल्हापूरच्या बहिणीसाठी. तुझे ग्रॅम तिला पाठवू नकोस, नुसती पद्धत पाठव. आपल्याकडची अंडी लहान असतात, बरीचशी ५० ते ५५ ग्रॅमची, चारचे दोनशे-सव्वादोनशे होतात, बाकी सगळं त्याप्रमाणे. टिन सात इंची घे म्हणावं. सेल्फ रेझिंग पीठ नसेल तर दोनशे ग्रॅम मैद्याला दोन चहाचे सपाट चमचे बेकिंग पावडर, तीनदा चाळून, आणि डबा उघडून वर्ष झालं असेल तर आधी चिमूटभर गरम पाण्यात टाकून फसफसते का बघ. आपली साखर मिक्सरला दोनदा फिरवायची, दोन झटके फक्त, भुकटी नाही. बटर अनसॉल्टेड, नेहमीच्या पिवळ्या बटरच्या विटेने केक खारट लागतो.

आणि तिची अडचण तुझ्या बरोबर उलट आहे. तुझ्याकडे सगळं थंड, तिच्याकडे एप्रिलमध्ये बटर ओट्यावर ठेवलं की तासाभरात तूप. तिने बटर फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांतच फेटायला घ्यावं, आणि भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून, आपण उन्हाळ्यात श्रीखंड फेटताना ठेवतो तसं. अंडी मात्र तिथे बाहेरचीच बरी. पहाटे केला तर निम्मा त्रास वाचतो. ओटीजीमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये, तापणाऱ्या दांड्या जवळ असतात, त्यामुळे टिन खालच्या जाळीवर, एका वेळी एकच, आणि वरून लवकर लाल व्हायला लागला तर वीस मिनिटांनंतर फॉइल अलगद टाकायची. जॅम रास्पबेरीचा नाही मिळाला तर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा, त्यात लिंबू पिळून, कारण केक गोड आणि जॅम आंबट ही जोडी आहे. लालभडक जेलीसारखा मिक्स फ्रूट नको बाई.

राहिली ती पेन्सिलची ओळ, "मागे डावीकडे लक्ष". तुला वाटलं काही गुपित आहे. ती त्यांच्या ओव्हनबद्दल आहे. प्रत्येक ओव्हनला एक तापट कोपरा असतो, आजींचा मागे डावीकडे होता, तिथे केक आधी करपायचा, म्हणून स्वतःसाठी लिहून ठेवलं. ते ओव्हन आता गेलं असेल, तुझा कोपरा वेगळा असणार. शोधायचं सोपं आहे, ओव्हन १८० ला नीट तापव, जाळीभर पांढऱ्या पावाचे स्लाइस शेजारी शेजारी मांड, दहा मिनिटांनी बघ कुठला सगळ्यात जास्त तांबूस झालाय. पाव टोस्ट म्हणून खाऊन टाका. पंधरा पौंडांच्या आत ओव्हन थर्मामीटरही मिळतो, तो मधे टांग, कारण बटणावरचं १८० आणि आतलं १८० यात माझ्याच ओव्हनला पंधरा डिग्रीचा फरक होता आणि मी सहा वर्षं पिठाला दोष देत होते. मग वीस मिनिटं झाल्यावर, आधी नाही, दार पटकन उघडून दोन्ही टिन फिरव. आणि तुझा कोपरा कुठला निघाला तो कार्डावर त्यांच्या ओळीखाली लिही, पेन्सिलीनेच, कारण ओव्हन तूही बदलशील.